भावकीतली जमिनीची अदलाबदल: तोंडी शब्द कायद्यात किती टिकतो आणि तो पक्का कसा करायचा

सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी शेतं महाराष्ट्रात गावोगाव सापडतात. दोन चुलतभावांनी सोयीसाठी रानं बदलून घेतलेली असतात. एकाला विहिरीलगतचं हवं होतं, दुसऱ्याला वस्तीलगतचं. शब्द दिला, बांध दाखवला, पेरणी सुरू झाली. कागद झालाच नाही, किंवा झाला तो साध्या कागदावर पंचांच्या सह्यांनी. ते दोघे हयात आहेत आणि त्यांचं एकमेकांशी बरं आहे तोवर काही अडत नाही. अडतं ते तिसरं कुणी मध्ये आल्यावर: मयताचे वारस, सोसायटीची वसुली, रस्त्याचं भूसंपादन, किंवा सातबारा बघून जमीन विकत घेणारा परका. तेव्हा उघड होतं की इतकी वर्षं फक्त ताबा बदललेला होता, मालकी होती तिथेच होती.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या शेतजमिनीपुरती आहे. बिनशेती प्लॉट आणि घरजागेला मूळ कायदा तोच लागतो, पण सवलती आणि निर्बंध वेगळे आहेत.

आधी ठरवा: जमीन सामाईक होती की वेगळी?

सगळा मार्ग आणि सगळा खर्च या एका प्रश्नावर ठरतो. अदलाबदल झाली त्या दिवशी दोन्ही जमिनी घराण्याच्या सामाईक होत्या, की वाटण्या होऊन ज्याच्या त्याच्या झालेल्या होत्या?

सामाईक असतील, तर दोघांचाही दोन्ही गटांत हिस्सा होता. कुणी कुठला तुकडा धरायचा एवढंच त्यांनी ठरवलं. याला वाटणी किंवा कौटुंबिक व्यवस्था म्हणतात. हिंदू एकत्र कुटुंबाची वाटणी तोंडी होऊ शकते, आणि झालेल्या वाटणीची आठवण म्हणून नंतर लिहून ठेवलेल्या यादीला नोंदणी लागत नाही. काळे विरुद्ध चकबंदी उपसंचालक या १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक व्यवस्थेचे निकष सांगितले आहेत. व्यवस्थेतल्या प्रत्येकाचा त्या मिळकतीवर आधीपासून काही हक्क किंवा हक्काचा दावा हवा. व्यवस्था प्रामाणिक, राजीखुशीची आणि वाद मिटवणारी किंवा टाळणारी हवी. आणि कागद झालेल्या गोष्टीची नोंद करणारा हवा. कागदातच ‘आजपासून हा गट तुझा, तो गट माझा’ असं लिहिलं असेल, तर हक्क त्या कागदाने निर्माण होतो आणि मग नोंदणी टळत नाही. एका क्रियापदावर प्रकरण उभं राहतं किंवा पडतं, म्हणून जुना कागद वकिलाला दाखवताना त्याचा सारांश सांगू नका, मूळ कागदच द्या.

वाटण्या आधीच झालेल्या असतील, फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावात बदल करणारी नोंद) होऊन खाती वेगळी झालेली असतील, किंवा एक गट खरेदीचा असेल, तर दुसऱ्याच्या जमिनीत तुमचा आधीचा काहीच हक्क नव्हता. ही शुद्ध अदलाबदल. इथे नातं कितीही जवळचं असलं तरी कायदा दोघांना परक्यांसारखाच वागवतो. मामा-भाचे, मेहुणे, साडू यांच्यातले व्यवहार जवळपास नेहमी याच वर्गात पडतात.

हे कसं ओळखायचं? आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात, त्या सगळ्या फेरफारांच्या नकला काढा. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांचे मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात. वाटणीचा फेरफार दिसतो का पाहा आणि त्याचं वर्ष अदलाबदलीच्या वर्षाशी ताडून बघा. जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल, तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे. त्याच्या भावंडांचे हिस्से त्या नावामागे दडलेले असतात आणि त्याने एकट्याने केलेली अदलाबदल बाकीच्यांना बांधेलच असं नाही.

बहिणींचा मुद्दा इथेच येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला, आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या २०२० च्या निकालाने वडील तेव्हा हयात असण्याची अट लागत नाही हे स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या खऱ्या वाटणीला धक्का लागत नाही. पण ‘आमची तोंडी वाटणी त्याआधीच झाली होती’ एवढं म्हणून न्यायालय सहसा ऐकत नाही, त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. भावाभावांच्या अदलाबदलीत बहिणीची सही नसेल, तर तो व्यवहार अर्धाच झालेला आहे असं समजून चला.

बिननोंदणी कागदाची किंमत

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची व्याख्या आहे. एका वस्तूच्या मालकीच्या बदल्यात दुसऱ्या वस्तूची मालकी देणं म्हणजे अदलाबदल. वर थोडी रक्कम दिली-घेतली तरी ती अदलाबदलच राहते. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की हे हस्तांतरण विक्रीच्याच रीतीने व्हायला हवं. विक्रीची रीत कलम ५४ मध्ये आहे: १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराला नोंदणीकृत दस्त लागतो. आज एक गुंठाही या मर्यादेत बसत नाही, त्यामुळे तोंडी अदलाबदलीने मालकी जात नाही. अगदी जुन्या काळचा व्यवहार असेल आणि तेव्हाची किंमत १०० रुपयांच्या आत असल्याचं सिद्ध करता आलं, तर केवळ ताबा देऊनही मालकी गेलेली असू शकते. पण ते सिद्ध करणं सोपं नाही.

साध्या कागदावरच्या किंवा स्टॅम्पपेपरवर नोटरीपुढे केलेल्या कराराला दोन वेगळे दोष असतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला मुद्रांकाचा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे पुरेसं मुद्रांक शुल्क न भरलेला दस्त पुराव्यात घेतला जात नाही. हा दोष भरून निघतो: कमी पडलेलं शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड, कमाल चौपटीपर्यंत. दुसरा दोष नोंदणीचा. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदणी सक्तीची असताना ती केली नाही, तर कलम ४९ मुळे त्या कागदाने जमिनीवर कोणताही हक्क जात नाही. हा दोष दंड भरून जात नाही. न्यायालयात दंड भरला आणि कागद ‘पक्का’ झाला, हा समज चुकीचा आहे. फार तर आनुषंगिक गोष्टीसाठी, म्हणजे ताबा कधीपासून आणि कोणत्या नात्याने आहे हे दाखवायला, तो कागद वापरता येतो, आणि त्यालाही आधी मुद्रांक पुरा करावा लागतो. नोटरीचा शिक्का सही कुणी केली एवढंच सांगतो. त्या शिक्क्याला नोंदणीची जागा घेता येत नाही.

‘ताबा आहे आणि करार आहे, मग आम्हाला हटवता येणार नाही’ हा युक्तिवाद मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ वर उभा असतो. २४ सप्टेंबर २००१ पासून हे संरक्षण मिळायला करारही नोंदणीकृत असावा लागतो. त्याआधीच्या लेखी कराराला जुना नियम लागू शकतो, म्हणून कागदावरची तारीख महत्त्वाची. तोंडी व्यवहाराला हे कलम लागतच नाही.

आणि फेरफार? कित्येक ठिकाणी पूर्वी नुसत्या वर्दीवर अदलाबदलीचा फेरफार मंजूर झालेला आहे आणि सातबाराही बदलला आहे. त्याने सारा कुणी भरायचा हे ठरतं, मालकी ठरत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. तरीही असा फेरफार फेकून देण्यासारखा नाही. दोन्ही बाजूंनी सह्या करून तो मंजूर करून घेतलेला असेल, तर ताब्याची तारीख दाखवणारा त्याच्याइतका चांगला कागद दुसरा मिळत नाही.

दस्ताला हात घालण्याआधी

जमीन दस्ताला योग्य आहे का, हे आधी पाहावं लागतं. यात घाई केली की मुद्रांकाचे पैसे अडकतात.

भोगवटादार वर्ग. सातबाऱ्यावर वर्ग १ असेल तर पुढे जा. वर्ग २ (परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी जमीन) असेल, तर ती कशी मिळाली ते शोधा: इनाम-वतन, सरकारी वाटप, पुनर्वसन, सीलिंग. प्रत्येकाची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) वेगळा आहे, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय केलेली अदलाबदल शर्तभंग ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. आपण भावाभावांतच बदलतोय, परक्याला देत नाही, हा बचाव इथे चालत नाही.

कुळकायदा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळकायद्याच्या कलम ४३ चा उल्लेख असेल, तर ती जमीन कुळाला मिळालेली आहे आणि तिच्या विक्रीबरोबर अदलाबदलीवरही निर्बंध आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला १० वर्षं झालेली असतील तर जमीन महसूल आकाराच्या ४० पट नजराणा भरून पुढे जाता येतं. आकार अगदी थोडा असल्याने ही रक्कम किरकोळ निघते, म्हणून हे काम आधी उरकून घ्यावं. हे कलम पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाच्या कुळकायद्यातलं आहे. मराठवाड्यात हैदराबाद कुळकायदा आणि विदर्भात १९५८ चा कायदा लागतो, तिथली कलमं वेगळी. अदलाबदलीत दोन्ही बाजू शेतकरी हव्यात. शहरात राहणारा आणि नावावर शेती नसलेला मेहुणा इथे अडतो.

तुकडा. तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडणारा व्यवहार चालत नाही. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने ३२ जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरलं. अकोला आणि रायगड त्यात नाहीत. अख्खा गट अख्ख्या गटाच्या बदल्यात असेल तर अडचण कमी. गटातला काही भाग बदलायचा असेल, तर जाणारा तुकडा आणि मागे उरणारा तुकडा, दोन्हींचं क्षेत्र तपासा. लोक जाणारा तुकडा मोजतात आणि उरलेल्याचा विसर पडतो. आधीपासूनच तुकडा म्हणून नोंदलेली जमीन लगतच्या खातेदाराला देता येते, आणि अदलाबदल बऱ्याचदा लगतच्याशीच असते, त्यामुळे हा मार्ग पडताळून पाहा.

बोजा. विकास सोसायटीचं पीककर्ज असेल तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे त्या जमिनीवर संस्थेचा भार असतो आणि त्याविरुद्ध केलेलं हस्तांतरण रद्दबातल ठरतं. कर्ज फेडून बोजा कमी केल्याचा फेरफार करून घ्या, नुसता दाखला आणून थांबू नका. राष्ट्रीयीकृत बँकेच्या गहाणाचंही तेच.

अज्ञान (१८ वर्षांखालील) वाटेकरी. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ म्हणून अज्ञानाचं नाव असेल, तर थांबा. हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ८ अदलाबदलीचा नावाने उल्लेख करतं: न्यायालयाच्या परवानगीशिवाय आई किंवा वडील अज्ञानाच्या स्वतंत्र स्थावराची अदलाबदल करू शकत नाहीत. केली, तर सज्ञान झाल्यावर तो मुलगा ती रद्द करून मागू शकतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जात असेल, तर महसूल संहितेचं कलम ३६अ आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आलीच.

वारस. मूळ अदलाबदल करणारा मयत असेल तर आधी वारस नोंद. पत्नी, आई, सगळे मुलगे, सगळ्या मुली, आणि आधी मयत झालेल्या मुला-मुलींची मुलं व विधवा सून. दस्तावर या सगळ्यांच्या सह्या लागतात. एखादी विवाहित बहीण ‘मला काही नको’ म्हणत असेल, तरी तिचं म्हणणं नोंदणीकृत हक्कसोडपत्रातच यायला हवं.

मोजणी. सातबारा क्षेत्र सांगतो, जागा दाखवत नाही. वहिवाटीत एका बाजूला दोन-चार गुंठे जास्त गेलेले असणं हे नेहमीचंच आहे. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज करा, आणि गटाचा भाग असेल तर पोटहिस्सा मोजणीचा. मोजणीला लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. नंतर मिळणारी ‘क’ प्रत, म्हणजे मोजणी नकाशाची प्रत, दस्ताला जोडा. नोंदणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मिळकत ओळखता येईल असं वर्णन दस्तात लागतंच. जुन्या अदलाबदलींतले बहुतेक बांधाचे तंटे वर्णनात फक्त ‘विहिरीपासून आंब्यापर्यंत’ असं असल्यामुळे झालेले आहेत. आंबा पडतो, विहीर बुजते.

खर्च आणि सलोखा योजना

अदलाबदल दस्ताला मुद्रांक खरेदीखताच्याच दराने लागतो, पण दोन्ही जमिनींच्या बेरजेवर नाही. ज्या जमिनीचं बाजारमूल्य जास्त, तेवढ्यावरच. समजा गट ११२ चं मूल्य वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे १२ लाख आणि गट २४० चं ९ लाख निघालं, तर शुल्क १२ लाखांवर. हेच काम दोन खरेदीखतांनी केलं तर २१ लाखांवर भरावं लागेल. तरीही काही ठिकाणी दोन खरेदीखतं करून देतात. तसं करायचं कारण नाही. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. मुद्रांकाचा दर ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका हद्दीप्रमाणे बदलतो, तो दुय्यम निबंधकांकडून मूल्यांकनासह आधी काढून घ्या.

दोन्हीकडून दोन बक्षीसपत्रं करून शुल्क वाचवायचा सल्लाही गावात मिळतो. शेतजमिनीच्या बक्षीसपत्राची २०० रुपयांची सवलत पती, पत्नी, मुलं, नातवंडं आणि मयत मुलाची पत्नी यांच्यापुरती आहे. भाऊ आणि चुलतभाऊ त्यात येत नाहीत. शिवाय बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं. एकमेकांना दिलेली दोन बक्षिसं म्हणजे मोबदलाच झाला, आणि उद्या वाद झाला तर समोरचा वकील नेमका यावर बोट ठेवेल. हक्कसोडपत्राचाही असाच दुरुपयोग होतो. ज्या गटात समोरच्याचा हिस्साच नाही, त्या गटातला हक्क त्याच्या लाभात ‘सोडता’ येत नाही.

जुन्या अदलाबदलींसाठी खरी सोय सलोखा योजनेत आहे. ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ती सुरू झाली. एकाच्या मालकीची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असा परस्पर ताबा किमान १२ वर्षांचा असेल, तर अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. दोन्हीकडच्या क्षेत्रात फरक असला तरी चालतो. सुरुवातीची मुदत दोन वर्षांची होती, ती नंतर वाढवण्यात आली. अर्ज करायच्या दिवशी मुदत चालू आहे ना, एवढं दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

या योजनेचा कणा म्हणजे स्थळपंचनामा. दोघांनी मिळून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, अर्ज करायचा. तो जागेवर येऊन लगतच्या खातेदारांकडून परस्पर ताबा १२ वर्षांचा असल्याची खात्री करून पंचनामा करतो, आणि तो दस्ताला जोडावा लागतो. अर्ज फसतो तो बहुधा तीन कारणांनी: ताबा एकतर्फी असतो, म्हणजे एकाने दुसऱ्याची जमीन कसली पण आपली दिलीच नाही. दुसरं, एका गटातले सहहिस्सेदार सही करत नाहीत. तिसरं, एक जमीन बिनशेती झालेली असते. आणि एक गैरसमज दूर करायला हवा. सलोखा योजना फक्त शुल्कात सवलत देते. पंचनामा झाला म्हणजे मालकी झाली असं नाही, दस्त करावाच लागतो, आणि वर्ग २, कुळकायदा, तुकडेबंदीचे निर्बंध जसेच्या तसे लागतात.

प्रकरण मुळात वाटणीचंच असेल, म्हणजे दोघं अजून सहधारक असतील, तर अदलाबदल दस्ताची गरज नाही. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटपाचा अर्ज करता येतो, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राचा मुद्रांक नाममात्र आहे. बहिणींसह सगळे सहधारक हजर करता आले, तर हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

दस्तात काय लिहायचं

नमुना छापील मिळतो, पण पुढच्या गोष्टी त्यात नसतात आणि वाद त्यांवरूनच होतात.

जुन्या ताब्याचा इतिहास स्पष्ट लिहा. उदाहरणार्थ: ‘गट नं. ११२ ची मालकी लिहून देणार क्र. १ यांची असून सन १९९८ पासून प्रत्यक्ष वहिवाट लिहून देणार क्र. २ यांची आहे, गट नं. २४० ची मालकी लिहून देणार क्र. २ यांची असून त्याच काळापासून वहिवाट क्र. १ यांची आहे; सदर वहिवाट परस्परांच्या अदलाबदलीपोटी आहे.’ जुना कागद असेल तर त्याची तारीख लिहा. पण तोच जुना कागद नोंदवायचा प्रयत्न करू नका. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला द्यावा लागतो, दंड भरून आणखी ४ महिने, त्यापुढे नाही. आजच्या तारखेचा नवा दस्त हाच उपाय.

दोन्ही मिळकतींचं स्वतंत्र परिशिष्ट करा: गट, हिस्सा, क्षेत्र, पोटखराबा, आकार, चतुःसीमा, आणि क प्रतीचा मोजणी क्रमांक. विहिरीतला हिस्सा किती आणि पाण्याची पाळी कशी, बोअर कुणाचं, मोटारीचं वीज कनेक्शन कुणाच्या नावावर आणि ते कधी बदलणार, पाइपलाइन दुसऱ्याच्या बांधाखालून जाते का, गाडीरस्ता किती फुटांचा आणि कुठून, झाडं कुणाची, उभं पीक कोण काढणार, हे सगळं लिहा. मूल्यातला फरक पैशाने भरून काढला असेल तर रक्कम आणि चेक क्रमांक लिहा.

मालकीची हमी विसरू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११९ प्रमाणे समोरच्याच्या मालकीत दोष निघून तुमच्या हातची जमीन गेली, तर तुम्ही नुकसानभरपाई किंवा आपली दिलेली जमीन परत मागू शकता. पण परत मागता येते ती त्याच्याकडे, त्याच्या वारसांकडे किंवा त्याच्याकडून फुकट घेणाऱ्याकडे असेल तरच. त्याने ती विकली असेल तर भरपाईवर समाधान मानावं लागतं. म्हणून शोध अहवाल (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून केलेला) दोन्ही जमिनींचा काढा. आपली जमीन स्वच्छ आहे म्हणून समोरच्याची तशीच असेल असं धरू नका. कलम ११९ वेगळं ठरवायला मुभा देतं, तेव्हा दस्तात ही हमी कमी करणारं वाक्य शिरलं नाही ना, तेही पाहा.

नोंदणीच्या दिवशी सगळे लिहून देणार, ओळख पटवणारे दोन जण, आधार आणि पॅन, ताजे सातबारा व ८अ, मोजणी नकाशा, चलन आणि सलोखा असेल तर पंचनामा. कुणी बाहेरगावी असेल तर कुलमुखत्यारपत्र वेळेत करून ठेवा, आणि त्यात ‘अदलाबदल’ हा अधिकार स्वतंत्रपणे लिहिलेला हवा. नुसतं ‘विक्री व व्यवस्थापन’ लिहिलेलं असेल तर शंका घेतली जाते.

नोंदणीनंतर

दस्ताची माहिती महसूल खात्याकडे ऑनलाइन जाते. तरी सूची २ ची, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याला भेटा. फेरफार नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, धरला जातो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, १५ दिवस हरकतीची वाट पाहिली जाते आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. निकाल विरोधात गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील. अदलाबदलीत एक वेगळी चूक घडते: एका गटाचा फेरफार मंजूर होतो आणि दुसऱ्याचा राहून जातो, विशेषतः दोन गट वेगवेगळ्या गावांत असतील तेव्हा. दोन्ही नवे सातबारे हातात येईपर्यंत काम संपलं असं धरू नका. मग शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी, पीकविमा आणि सोसायटीचं कर्जखातं नव्या गटावर आणा.

आयकराचं एक: कायद्याच्या भाषेत अदलाबदल हेही हस्तांतरणच आहे. शहरहद्दीपासून ठरलेल्या अंतरापलीकडची ग्रामीण शेतजमीन भांडवली मत्तेत मोडत नाही, त्यामुळे बहुतेकांना प्रश्न येत नाही. जमीन नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीलगत असेल तर दस्ताआधी सनदी लेखापालाला विचारा.

समोरचा आता ‘नाही’ म्हणत असेल तर

हेच सगळ्यात अवघड. पहिलं काम म्हणजे ताब्याचे पुरावे गोळा करणं: जुन्या सातबाऱ्यांतल्या पीकपाहणीच्या नोंदी, सारा पावत्या, वीजबिलं, ठिबक किंवा विहिरीच्या अनुदानाचे कागद, लगतच्या खातेदारांची माहिती.

करार लेखी असेल, तर दस्त करून देण्यासाठी दावा लावता येतो. पूर्ततेची तारीख ठरलेली नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून ३ वर्षं. बिननोंदणी करारही अशा दाव्यात पुरावा म्हणून घेता येतो, ही कलम ४९ मधली सवलत आहे, मुद्रांक मात्र पुरा लागतो. म्हणून नकार तोंडी आला तरी ती तारीख लिहून ठेवा आणि लगेच वकिलामार्फत नोटीस द्या.

दुसरी वाट प्रतिकूल ताब्याची. १२ वर्षं उघडपणे, अखंड, स्वतः मालक म्हणून केलेली वहिवाट असेल तर मूळ मालकाचा हक्क संपतो. २०१९ च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालानंतर हा मुद्दा वादीलाही मांडता येतो. परवानगीने कसत असाल तर तो ताबा प्रतिकूल ठरत नाही. अदलाबदलीत म्हणणं असं मांडावं लागतं की, ‘आमची जमीन कायमची देऊन ही आम्ही मालक म्हणूनच घेतली’. पण हे हत्यार दुधारी आहे. तुम्ही दिलेल्या जमिनीवर समोरचाही तेच म्हणू शकतो, आणि जबाबात कुठेही ‘त्यांनी कसायला दिली’ असं निघालं की मुद्दा कोसळतो.

जबरदस्तीने हुसकावलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो, मात्र ६ महिन्यांच्या आत.

दाव्यात तडजोड होत असेल तर एक काळजी घ्या. दोन्ही गट दाव्याची मिळकत म्हणून दाखल हवेत. तडजोड हुकूमनाम्यात दाव्याबाहेरची जमीन आली, की तेवढ्यापुरती नोंदणी पुन्हा सक्तीची होते. आधीचा हक्क नसताना तडजोडीतूनच नवा हक्क निर्माण होत असेल, तरीही ती लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने भूप सिंग प्रकरणात १९९५ साली सांगितलं आहे. अशा वेळी हुकूमनाम्याची नक्कल घेऊन दुय्यम निबंधकांकडे जा. ४ महिन्यांची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून धावते, आणि नक्कल मिळायला लागलेला वेळ वकिलाकडून मोजून घ्या.